टर्कीची पिल्ले जगविणारे हात

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने मे महिन्याच्या मध्यावर टर्कीची एका दिवसाची पंचवीस पिल्ले आणली. नाताळपर्यंत ती वाढवावीत, विकावीत आणि आलेल्या पैशांतून थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची तरतूद करावी, असा साधा सरळ हिशेब होता. पहिल्या चार दिवसांत सहा पिल्ले गेली. दाणे पुढ्यात होते, पाणी पुढ्यात होते, तरी ती उपाशी मेली. घरातील आजी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, तुम्ही पुस्तके वाचता. ह्या पिल्लांचे काय करावे ते सांगा."

आम्ही पुस्तक न उघडताच सल्ला दिला. आमच्या लहानपणी आमच्या आईने बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली उबवून घेतल्याचे आम्ही पाहिले होते. त्याच धर्तीवर आम्ही सांगितले, की उरलेली पिल्ले कोंबडीच्या स्वाधीन करा. तिच्या पिलांबरोबर ती परसात फिरतील, दाणे टिपायला शिकतील. आणि खरोखरच ती शिकली! जून सरेपर्यंत एकोणीसही पिल्ले धडधाकट होती. आम्ही आमच्याच शहाणपणावर खूश होतो. जुलैत पावसाने परस चिंब झाले आणि पिल्ले पंख गाळून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहू लागली. विष्ठा गंधकासारखी पिवळी. महिनाअखेर अकरा पिल्ले दगावली. कोंबड्या मात्र ठणठणीत! शेवटी पशुवैद्यांनी एक मेलेले पिल्लू फाडून यकृतावरचे वाटोळे, खोलगट डाग दाखविले आणि विचारले, "ही कोंबड्यांत कोणी सोडली?"

आजींनी आमच्याकडे पाहिले नाही. त्यांनी पाहिले असते तर बरे झाले असते. आम्ही त्यानंतर जे वाचन केले, ते खरे म्हणजे त्याच वेळी करावयास हवे होते. आज ते वाचकांपुढे मांडीत आहोत.

टर्की हा पक्षी ना तुर्कस्तानचा, ना हिंदुस्थानचा. तो मेक्सिकोचा. युरोप आणि आशियाला त्याचे दर्शन होण्याच्या किमान दीड हजार वर्षे आधीपासून तेथील माणसे त्याला पाळीत होती. मेक्सिकोच्या दक्षिणेस ओआहाका प्रांतात मितला नावाचे प्राचीन स्थळ आहे. तेथील उत्खननाचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला वृत्तांत वाचताना आम्ही थबकलो. इसवी सन ४०० ते ५०० या काळातील एका घरात संशोधकांना पाच न फुटलेली अंडी आणि त्यांच्याशेजारी अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सात पिल्लांची हाडे सापडली. घरातील माणसांनी देवतेला केलेले ते अर्पण होते. आसपास लहानमोठ्या पक्ष्यांची हाडेही मिळाली. यावरून हे पक्षी रानातून धरून आणलेले नसून दारातच वाढविलेले होते, असा निष्कर्ष निघाला. ज्याने एकदा तरी टर्कीचे पिल्लू जगविण्याचा खटाटोप केला आहे, त्याला सात पिल्लांच्या अर्पणाची किंमत कळेल.

त्याच्याही उत्तरेस, आज जेथे अमेरिकेतील न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटा ही राज्ये आहेत, त्या रखरखीत पठारावरील प्वेब्लो लोकांनी टर्कीची एक वेगळीच जात माणसाळविली होती. गंमत अशी, की कित्येक शतके त्यांनी ही पाखरे मुख्यतः खाण्यासाठी पाळलीच नाहीत. पाळली ती पिसांसाठी. युक्का नावाच्या वनस्पतीच्या दोरीभोवती मऊ पिसे गुंडाळून ते लोक पांघरुणे विणीत. सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे असे एक पांघरूण संशोधकांनी तपासले, तेव्हा त्यात साडेअकरा हजारांच्या आसपास पिसे लागली असावीत असा अंदाज निघाला. पिसे झडण्याच्या हंगामात जिवंत पक्ष्याच्या अंगावरूनच ती काढता येत; म्हणजे पक्षी जितकी वर्षे जगेल तितकी वर्षे पांघरुणाची सोय. स्वतःच्या शेतातील मका त्याला घालून ते त्याला सांभाळीत. तान्ह्या बाळालाही त्याच पिसांत गुंडाळीत.

मेक्सिकोतील अझ्टेक लोकांच्या बाजारांत टर्की सर्रास विकली जाई. नराला त्यांच्या नाहुआत्ल भाषेत 'वेशोलोत्ल' म्हणत. त्याचाच अपभ्रंश 'ग्वाहोलोते' आजही मेक्सिकोत रूढ आहे. तेथील लोकांचे हे ज्ञान आपल्यापर्यंत पोहोचले, ते एका धर्मगुरूच्या चिकाटीमुळे. फ्रान्सिस्कन संघाचे फादर बर्नार्दिनो दे साहागुन १५२९ साली मेक्सिकोस गेले आणि १५९० साली तेथेच निवर्तले. त्यांनी नाहुआत्ल आत्मसात केली, गावच्या वृद्धांना समोर बसवून प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच भाषेत उतरवून घेतली. बारा खंडांच्या त्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात पशुपक्षी, झाडेझुडपे यांचे वर्णन आहे आणि त्यात टर्कीलाही जागा मिळाली आहे. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीशी जो स्नेह जोडला, त्याची येथे सहज आठवण होते. मात्र साहागुन यांच्या लेखनावर त्यांच्या हयातीत बंदीची कुऱ्हाड पडली होती आणि ते छापून निघण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले, हेही सांगितले पाहिजे. परक्यांच्या देवतांविषयी इतके बारकाईने लिहिणे राज्यकर्त्यांना धोक्याचे वाटले.

सोळाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत स्पॅनिश जहाजांतून हे पाखरू युरोपात आले आणि लागलीच नावांचा गोंधळ उडाला. आफ्रिकेतील गिनीकोंबडी तुर्की व्यापाऱ्यांमार्फत युरोपास ठाऊक होती. इंग्रजांनी नव्या पक्ष्यालाही तेच 'तुर्की' नाव चिकटविले. फ्रेंचांना तो 'इंडिया'चा वाटला, म्हणून 'दँद'. डच लोकांनी त्याला थेट आपल्या कालिकतचा करून 'काल्कून' म्हटले. खुद्द तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात! पोर्तुगीजांनी तो पेरू देशाचा मानून 'पेरू' हे नाव दिले. तेच नाव आपण मराठी माणसांनी एका फळाच्या माथी मारले आहे, हा योगायोग मौजेचा आहे. थोर वर्गीकरणकार लिनीयस यांनी १७५८ साली शास्त्रीय नाव देताना 'मेलियाग्रिस' हा शब्द निवडला. तोही मुळात ग्रीकांच्या गिनीकोंबडीचाच. असा हा पक्षी सर्वांच्या अंगणात वाढला आणि सर्वांनीच त्याला परक्या गावचा ठरविले.

फ्रान्समध्ये त्याला काही ठिकाणी गमतीने 'जेझुइट' म्हणत. येशूसंघीयांनी तो प्रथम आणला आणि वाढविला, अशी आख्यायिका होती. ब्रिया-साव्हारँ या खवय्या लेखकाने १८२५ सालच्या आपल्या ग्रंथात तिचा उल्लेख केला आहे. येशूसंघास पोपमहोदयांची मान्यता मिळाली १५४० साली आणि टर्की तर त्यापूर्वीच युरोपच्या अंगणात खेळत होती. तेव्हा हे श्रेय आमच्या येशूसंघीय बांधवांना देता येत नाही. इंग्लंडात टर्की प्रथम आणल्याचा मान परंपरेने यॉर्कशायरच्या विल्यम स्ट्रिकलंड यांच्याकडे जातो. १५५० साली मिळालेल्या त्यांच्या कुलचिन्हावर टर्कीचा नर आहे आणि त्यांच्या बॉयन्टन गावच्या चर्चमध्ये पवित्र शास्त्र ठेवण्याचे व्यासपीठ नेहमीच्या गरुडाऐवजी टर्कीचे आहे.

हा पक्षी आपल्या भूमीवर कोठून उतरला, याची एक नोंद फार सुरेख आहे. बादशहा जहांगीर याने मुकर्रबखान नावाच्या सरदारास गोव्यास पाठविले आणि पोर्तुगीजांकडे जे काही दुर्मीळ मिळेल ते किमतीची घासाघीस न करता आणावे, असे बजावले. १६१२ साली खान परतला तो नवलाईच्या पशुपक्ष्यांसह. त्यात एक टर्की होती. आपल्या आठवणींत बादशहा लिहितो, की ह्या पक्ष्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. तो लांडोरीहून मोठा, मोराहून लहान. त्याचे डोके आणि मान सरड्यासारखी रंग पालटते, कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी. डोक्यावरील मांसाचा लोंबता तुरा मद चढला की हत्तीच्या सोंडेसारखा लोंबतो आणि आवरला की गेंड्याच्या शिंगासारखा उभा राहतो. बादशहाच्या आज्ञेवरून चितारी मन्सूर याने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. मुकर्रबखान गोव्यात हिंडत होता, तेव्हा 'ख्रिस्तपुराण'कार स्टीफन्स गोव्यातच होते. ग्रंथ छापून होण्यास अजून चार वर्षे अवकाश होता.

परंतु बादशहाने पाहिला तो पूर्ण वाढलेला नर. खरी कसोटी त्याच्या आधीच्या दहाबारा आठवड्यांची असते आणि तिची नोंद दरबारात होत नाही. ती स्वयंपाकघराच्या मागील दारी होते. युरोपात हे काम बहुतांशी शेतकरी कुटुंबातील स्त्रियांचे होते. त्यांनी पिढ्यान् पिढ्या जे शोधून काढले, त्यातील बरेच आजही खरे ठरते आणि थोडे निखालस चुकीचे.

अठ्ठावीस दिवस उबवून अंड्यातून निघालेले हे पिल्लू कोंबडीच्या पिलापेक्षा आकाराने मोठे, पण उमजेत मागे. ते समोरचे दाणे ओळखत नाही. पोटातील बलकाची शिदोरी दोनतीन दिवस पुरते. तोवर ते चोच मारायला शिकले नाही, तर संपले. आमच्या गावातील सहा पिल्ले अशीच गेली. म्हणून जुन्या गृहिणी त्याची चोच हाताने धरून पाण्यात बुडवीत आणि उकडलेले अंडे कुस्करून त्यात कांद्याची पात व खाजऱ्या नेटलचा कोवळा पाला चिरून घालीत. अंड्याचा पिवळा आणि पाल्याचा हिरवा रंग पिल्लाच्या नजरेत भरे, हे एक. आणि त्याला प्रथिनांची जबरदस्त भूक असते, हे दुसरे. कोंबडीच्या पिलांच्या खाद्यात वीसबावीस टक्के प्रथिने असली तरी भागते; टर्कीच्या पिल्लास पहिल्या आठवड्यांत अठ्ठावीस टक्क्यांपर्यंत लागतात. पुस्तकाचे तोंड न पाहिलेल्या बायकांनी हे प्रमाण अंड्याने भरून काढले होते. पाण्याच्या उथळ ताटलीत चकचकीत गोट्या ठेवण्याची युक्ती अजूनही वापरतात. पिल्लू चमकीवर चोच मारते आणि नकळत पाणी पिते, शिवाय बुडत नाही.

दुसरा शत्रू गारवा आणि ओल. इंग्लंडातील विल्यम कॉबेट यांनी १८२२ साली गरीब झोपडीवासीयांसाठी 'कॉटेज इकॉनॉमी' हे पुस्तक लिहिले. मोठी टर्की काटक असते, पण पिल्लाला ओलीसारखा वैरी नाही, असे त्यांनी तीत निक्षून सांगितले आहे. सकाळचे दव वाळल्याखेरीज पिल्ले बाहेर सोडू नयेत, हा नियम बहुतेक साऱ्या देशांत आढळतो. आज दिव्याच्या उबेने पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस तापमान राखतात आणि पुढे दर आठवड्यास सुमारे तीन अंशांनी उतरवितात. थंडी वाजली की पिल्ले एकमेकांवर चढतात आणि तळची गुदमरतात. गुळगुळीत कागदावर ठेवली तर पाय फाकतात ते कायमचे. ह्या बारीकसारीक गोष्टी आहेत. पण एकेका बारीक गोष्टीला एकेक पिल्लू मोजून द्यावे लागते.

आणि चुकीचे काय? नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या घशात एक अख्खा मिऱ्याचा दाणा घालण्याची प्रथा युरोपात बरीच पसरली होती. मिरे उष्ण, पिल्लू थंड. तर्क आपल्या आजीबाईच्या बटव्यातलाच. आमच्या मलबारचे मिरे समुद्र ओलांडून मेक्सिकोच्या पाखराच्या घशात जावेत आणि तेही फ्रान्स-इंग्लंडच्या परसात, ही कल्पना मनोरंजक खरी. पिल्लाला मात्र त्याचा त्रासच होत असणार.

दोनतीन महिन्यांच्या वयात पिल्लाच्या डोक्यावर आणि मानेवर तांबडे मांसल गोंडे उगवू लागतात. फ्रेंच शेतकरी याला 'लाली घेणे' म्हणत, इंग्रज 'लाली फुटणे'. ह्या संकटातून पार पडलेले पिल्लू पुढे कशालाही भीत नाही, असा दृढ समज होता. मुलाला दात येताना ताप येतो, तशी ही लाली येताना पिल्ले दगावतात असे मानीत. त्या दिवसांत त्यांना पौष्टिक खुराक देत, कोठे द्राक्षमद्यात भिजविलेला पाव. आम्ही हे वाचले तेव्हा आजींच्या परसातील जुलै महिना डोळ्यांसमोर उभा राहिला. वय तेच, मरणही तसेच. लालीने मेली असे म्हणून ज्यांना पिढ्यान् पिढ्या पुरले, त्यांतील बरीच पिल्ले दुसऱ्याच कारणाने मेली असावीत, असा आमचा तर्क आहे.

ते कारण उमगले अमेरिकेत. युरोपात वाढलेली टर्की सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर आपल्या मूळ खंडात परतली, तेथील रानटर्कीशी तिचा संकर झाला आणि थोराड, काटक जाती निपजल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ऱ्होड आयलंड राज्यातील कळपच्या कळप नाहीसे होऊ लागले. डोके काळवंडते म्हणून लोकांनी त्या रोगास 'काळे डोके' म्हटले. हे नाव फसवे आहे, कारण पुष्कळदा डोके काळे पडतच नाही. थिओबाल्ड स्मिथ या शास्त्रज्ञांनी १८९५ साली दाखवून दिले, की एक सूक्ष्म आदिजीव आतड्याच्या दोन आंधळ्या पिशव्यांत शिरतो आणि तेथून यकृतात जाऊन त्याला भोके पाडतो. तरीही तो जीव एका पक्ष्यातून दुसऱ्यात कसा जातो, हे कोडे पंचवीस वर्षे सुटले नाही, कारण मातीत तो उघडा पडला तर थोड्याच वेळात मरतो. १९२० साली ग्रेबिल आणि स्मिथ यांनी उत्तर शोधले. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्या जंताच्या अंड्यात दडून हा आदिजीव प्रवास करतो. ते अंडे मातीत महिनोन् महिने, कधी वर्षांवर टिकते. गांडुळे ते गिळतात, पाऊस पडला की गांडुळे वर येतात आणि पिल्ले त्यांच्यावर तुटून पडतात. कोंबडीला या साऱ्याची विशेष बाधा होत नाही. ती ओझे वाहते आणि टर्की मरते.

युरोपात शतकानुशतके टर्कीची अंडी कोंबडीखाली उबवीत. म्हणजे जी त्यांना ऊब देत होती, तिच्याच विष्ठेतून मरण येत होते आणि दोष लालीला, दवाला, पौर्णिमा-अमावास्येला दिला जात होता. आमचा सल्ला त्याच परंपरेतला. फरक इतकाच, की १९२० नंतर असा सल्ला देणाऱ्यास अज्ञानाची सबब उरत नाही.

विसाव्या शतकात पिल्ले जमिनीवरून उचलून तारेच्या जाळीच्या मंचांवर ठेवू लागले, उबवणी यंत्रांनी कोंबडीचा संबंधच तोडला आणि रोग आटोक्यात आला. आर्सेनिकयुक्त औषधेही आली. त्यांतील शेवटचे, नायटारसोन, अमेरिकेत २०१५ च्या अखेरीस बाजारातून काढून घेण्यात आले. त्या रोगावर तेथे मान्यताप्राप्त औषध त्यानंतर राहिले नाही. पुन्हा स्वच्छता आणि अंतर हेच दोन उपाय. दुसरीकडे छातीवर इतके मांस वाढविण्यात आले, की कारखान्यातील पांढऱ्या टर्कीला नैसर्गिक मीलनही जमत नाही. सारे काम माणसाच्या हातांनी करावे लागते. याला प्रगती म्हणावे की नाही, याविषयी आमचे मन अजून बनलेले नाही. आपल्या देशात बरेलीजवळील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने 'कारी विराट' आणि तामिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने 'नंदनम टर्की' ह्या जाती पुढे आणल्या आहेत. घरगुती पाळणाऱ्यांनी त्यांची चौकशी करावी.

एक चित्र मात्र आम्हास विसरता येत नाही. डॅनियल डीफो यांनी १७२४ साली इंग्लंडच्या प्रवासवर्णनात लिहिले आहे, की एका हंगामात स्टूर नदीवरील स्ट्रॅटफर्ड पुलावरून टर्कीचे तीनशे कळप लंडनकडे चालत जातात. एकेका कळपात तीनशेपासून हजारापर्यंत पक्षी, म्हणजे सारे मिळून सुमारे दीड लाख. ऑगस्टमध्ये निघून, कापणी झालेल्या शेतांतील सांडलेले दाणे टिपीत ते जात. वाटेत पाय फाटू नयेत म्हणून पाय डांबरात बुडवून वाळूवरून चालवीत, कधी चामड्याचे जोडे बांधीत. त्या दीड लाखांतील प्रत्येकाला कोणा बाईने मे महिन्यात चोच धरून पाणी पाजले होते.

आजींच्या घरी त्या वर्षी आठ टर्की उरल्या. नाताळात त्या विकल्या गेल्या, पैसे अपुरे पडले. मुलीचा प्रवेश एका वर्षाने लांबला. आज ती परिचारिका आहे. आम्ही आमची चूक त्या कुटुंबासमोर बोलून दाखविली, तेव्हा आजी म्हणाल्या, "तुम्ही सांगितले नसते तर मी तेच केले असते, फादर." हे त्यांचे सौजन्य.

पुढल्या वर्षी त्यांच्या मुलाने घराच्या दुसऱ्या अंगास, कोंबड्यांचा कधी वावर नसलेल्या जागी, कमरेइतक्या उंचीवर बांबूचा माचा करून त्यावर तारेची जाळी ठोकली. वर पत्रा, तीन बाजूंना गोणपाटाचे पडदे. मागील पावसाळ्यात बावीसपैकी एकोणीस पिल्ले गणपतीपर्यंत टिकली. ती पाहण्यास आम्ही गेलो, तेव्हा वाटेत परसातून आलो होतो. आजींनी दारातच अडविले.

"फादर, चपला तिथेच काढा. कोंबड्यांतून आलात."

आम्ही चपला काढल्या, पाय धुतले आणि मग आत गेलो.